जिनिंगच्या बाया आणि साहेबाच्या अटी

आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री जेवण झाल्यावर वाचा. पण वाचा जरूर, कारण विषय जिनेव्हा-ब्रसेल्सचा वाटला तरी तो आपल्या बांधावरचा आहे.

मागच्या आठवड्यात आपल्या भागातल्या एका जिनिंगवर बसलो होतो. मालक ओळखीचा, नाव कशाला सांगू. भाव, ओलावा, पाऊस असं नेहमीचं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात त्याने मोबाइल पुढे केला. "भाऊ, हे वाच जरा." सूतगिरणीकडून आलेला फॉर्म होता. याची रुई गिरणीत जाते, गिरणीचं सूत कापडवाल्याकडे, कापड शिवून युरोपात. आणि आता तिथला खरेदीदार विचारतोय: कापूस कोणत्या गावचा? गट नंबर काय? पाणी पाटाने दिलं की ठिबकने? फवारण्या किती आणि कोणत्या औषधाच्या? वेचणीला पोरं होती का?

मालक वैतागला होता. "एवढं तर पोरीचं लग्न जमवताना कोणी विचारलं नाही," म्हणाला. शेजारी एक आबा बसले होते, आयुष्यभर कपाशी केलेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "मंग भाव वाढाई देतीन का त्या?"

सगळे हसले, मीही हसलो. पण गाडीवरून एरंडोलला परत येईपर्यंत आबांचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण आपल्या खान्देशाला हा प्रश्न पहिल्यांदा पडलेला नाही. दीडशे वर्षांपूर्वीही सातासमुद्रापलीकडून अटी आल्या होत्या. त्या वेळी काय झालं ते नीट पाहिलं, तर आज काय करायचं याचा थोडा अंदाज येतो. म्हणून जुन्या गोष्टीपासून सुरुवात करतो.

आपलं एरंडोल जुन्या गॅझेटियरमध्ये सापडतं ते हातकागदासाठी, आणि कापूस, नीळ, धान्याच्या व्यापारासाठी. तेव्हा जळगाव-धुळे असे दोन जिल्हे नव्हते. एकच मोठा खान्देश होता. त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ साली झाले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या बंदरांची उत्तरेच्या नौदलाने नाकेबंदी केली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस बंद झाला. गिरण्या ओस पडल्या, मजूर उपाशी राहू लागले. मग साहेबाची नजर वळली हिंदुस्थानच्या कापसाकडे, म्हणजे वऱ्हाड, गुजरात आणि आपला खान्देश. त्याच सुमारास जी.आय.पी. रेल्वे आपल्या भागातून पुढे सरकत होती. कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव हे लहानसं गाव कापसाची मोठी पेठ बनलं ते याच काळात. मुंबईत शेअरचा जो सट्टा माजला आणि १८६५ साली जो कोसळला, त्याच्या मुळाशी हाच कापूस होता.

भाव आला की भेसळ आली, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कापसात पाणी मार, सरकी ठेव, माती घाल, दगड घाल. चांगल्या मालात हलका माल मिसळ. लँकेशायरने बोंब ठोकली. मग १८६३ साली मुंबई सरकारने कापसातली लबाडी रोखण्यासाठी खास कायदा केला. इन्स्पेक्टर नेमले, प्रेसला परवाने लावले, आणि या तपासणीचा खर्च निघावा म्हणून कापसावरच फी बसवली. भेसळ खरी होती, यात वाद नाही. पण तपासणी हवी होती विलायतेतल्या गिरणीवाल्याला आणि फी निघत होती इथल्या मालातून. व्यापारी ती खिशातून थोडीच भरणार? फिरून ती शेतकऱ्याच्या भावातूनच कापली जाणार, हे आजही कोणताही अडत्या सांगेल.

दुसरी गोष्ट बियाण्याची. लँकेशायरच्या यंत्रांना लांब धाग्याचा कापूस लागे. आपला देशी कापूस आखूड धाग्याचा. खान्देशचे त्या वेळचे कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनी हिंगणघाटचं लांब धाग्याचं बियाणं इथे रुजवण्याचा चंग बांधला. सरकारी जोर लावून ते पसरवलं गेलं. थोडी वर्षं जमलं, पण हळूहळू शेतकरी परत आखूड धाग्याच्या देशी कापसाकडे वळले. अडाणी म्हणून नव्हे, हिशेब करून. देशी कापसात रुईचा उतारा जास्त पडे आणि आपल्या लहरी पावसात तो तग धरून राही. लांब धाग्याला जो जास्त भाव मिळायचा, त्यात हा तोटा भरून निघत नव्हता. पुढे सरकारच्याच शेती खात्याने धुळ्याच्या शेतावर स्थानिक कापसातून निवड करून 'एन.आर.' हा आखूड धाग्याचा वाण दिला, तो लोकांनी उचलला. म्हणजे जी अट इथल्या जमिनीला आणि खिशाला परवडत नव्हती, ती सरकारी दट्ट्यानेसुद्धा टिकली नाही.

आता खरी गोष्ट. हिच्यासाठीच ही पोस्ट लिहायला घेतली.

१८७० नंतर मुंबईत भराभर कापड गिरण्या उभ्या राहिल्या. हळूहळू त्यांचं सूत आणि कापड लँकेशायरला टोचू लागलं. मग तिथल्या गिरणीवाल्यांना अचानक हिंदी मजुराचा कळवळा आला. आमच्या गिरण्यांना कामाच्या तासांचे, पोरांच्या वयाचे कायदे आहेत, हिंदुस्थानातल्या गिरण्यांना नाहीत, ही स्पर्धा बरोबरीची नाही, असं त्यांचं म्हणणं. १८७५ मध्ये लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी हा प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटात मांडला. त्याच वर्षी मुंबईत एक कमिशन बसलं. त्यातल्या बहुतेकांनी मत दिलं की कायद्याची काही गरज नाही. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखा एखादा माणूस सोडला, तर इथल्या प्रतिष्ठितांपैकी फार कोणी मजुरांच्या बाजूने उभं राहिलं नाही.

इथे आम्हा पत्रकारांच्या बिरादरीचीही कबुली द्यायला हवी. त्या काळातल्या राष्ट्रवादी म्हणवणाऱ्या बहुतेक वृत्तपत्रांनी या कायद्याला विरोध केला. हा मँचेस्टरचा कावा आहे, देशी उद्योग मारायचा डाव आहे, असं ते लिहीत. आणि गंमत अशी की ते खोटं बोलत नव्हते. कावा होताच. पण त्या काव्याच्या मागे सात-आठ वर्षांची पोरं सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गिरणीत उभी होती, हेही खोटं नव्हतं.

शेवटी १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालच्या पोराला कामावर घ्यायचं नाही. सात ते बारा वर्षांच्या पोराला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. बस, एवढंच. बाप्यांना-बायांना काहीच नाही. आणि हा कायदा लागू कुठे? जिथे शंभर किंवा जास्त माणसं काम करतात आणि जे कारखाने वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त चालतात तिथे.

चार महिने ही अट लक्षात ठेवा. आपल्या खान्देशातलं जिनिंग हंगामी. कापूस आला की भोंगा सुरू, कापूस संपला की कुलूप.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने दुसरं फॅक्टरी कमिशन नेमलं. या कमिशनपुढे खान्देशातल्या जिनिंग-प्रेसिंगबद्दल जी साक्ष झाली, ती आजही अंगावर काटा आणते. साक्ष देणारा कोणी मजूर पुढारी नव्हता, या धंद्यातलाच माणूस होता. काम पहाटे चार-पाचला सुरू होऊन रात्री दहापर्यंत चाले. ऐन हंगामात जिन रात्रंदिवस चाले आणि माणसं तीच. आठ-आठ दिवस तीच माणसं दिवसा आणि रात्री. अगदी उभं राहवेना तेव्हाच दुसरी आणायची. जिनवर कापूस टाकायला बहुतेक बायाच असत.

ते वाचताना माझ्या डोळ्यापुढे आपल्याच भागातल्या बाया येतात. केसांवर, भुवयांवर रुईचे तंतू बसलेले. पाठीला बांधलेलं नाहीतर कपाशीच्या ढिगावर झोपवलेलं लेकरू. त्या बायांपैकी कोणाचं नाव कुठल्या कागदावर राहिलेलं नाही.

१८९१ साली कायदा सुधारला. पोरांचं किमान वय नऊ झालं. बायांना दिवसाला जास्तीत जास्त अकरा तास, आणि आठवड्याची सुट्टी. पण हंगामी कारखाने वर्षातून चार महिन्यांच्या आत काम उरकत असतील, तर त्यांचा प्रश्न तसाच राहिला. तो सुटला थेट १९११ च्या कायद्यात, म्हणजे पहिल्या कायद्यानंतर तब्बल तीस वर्षांनी.

का बरं तीस वर्षं? मला जे उत्तर दिसतं ते असं. मुंबईची गिरणी लँकेशायरची वैरी होती. खान्देशचं जिनिंग वैरी नव्हतं, उलट ते लँकेशायरसाठीच रुई काढत होतं. जिनवरच्या बाईला रात्री झोप मिळाली असती तर विलायतेतल्या कोणत्याही गिरणीचा फायदा होणार नव्हता. म्हणून साहेबाची दया मुंबईपर्यंत आली आणि तिथेच थांबली. कळवळ्याला स्पर्धेचं इंजिन जोडलेलं होतं. रूळ जिथे संपले तिथे गाडी उभी राहिली.

मग काय, अटी वाईट? इथेच गोष्ट संपवली तर मी अर्धसत्य सांगितलं असं होईल. कारण याच काळात मुंबईत एक माणूस वेगळं काहीतरी करत होता. नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला कार्यकर्ता, 'दीनबंधू' वृत्तपत्राचा संपादक. १८८४ मध्ये कमिशन बसलं तेव्हा लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस, रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला मदत.

लोखंड्यांना मँचेस्टरचा कावा कळत नव्हता का? चांगलाच कळत होता. पण त्यांनी हिशेब वेगळा केला. साहेब कोणत्या हेतूने दार उघडतोय ते सोडा. दार उघडलंय ना, मग आपली माणसं आत घाला. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली. तिथे दोन गिरणी कामगार बायाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. कायदा व्हायच्या आधीच. आज तुम्ही-आम्ही जी रविवारची सुट्टी घेतो, तिची मुळं तिथे आहेत. खान्देशच्या जिनवर मात्र लोखंडे नव्हते. मागणारं कोणी नव्हतं, म्हणून मिळालंही नाही.

याच काळातली उलटी बाजूही सांगतो, म्हणजे हिशेब पुरा होईल. १८९४ साली सरकारने पैशाच्या ओढाताणीमुळे आयात कापडावर जकात बसवली. लँकेशायरने पुन्हा ओरड केली, की मग हिंदी गिरण्यांना फुकटचं संरक्षण मिळतं. म्हणून इथल्या गिरण्यांच्या मालावरही कर लावला. १८९६ पासून विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात आणि देशी गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्केच कर. नाव काय दिलं? समान संधी, न्याय्य स्पर्धा. पुढे अमळनेरला प्रताप मिल उभी राहिली तेव्हा तिच्या कापडालाही हा कर होताच. तो जायला १९२५ साल उजाडलं. या अटीत मजुराचं, शेतकऱ्याचं, कोणाचंच भलं नव्हतं. ती निव्वळ दुसऱ्याच्या पायात पाय घालण्यासाठी होती.

म्हणजे आपल्या इतिहासात दोन्ही नमुने आहेत. शब्द दोन्हीकडे सारखे, न्यायाचे. एकीतून रविवार मिळाला, दुसरीतून नुसता कर.

आता आजच्यावर येऊ.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारांची भूमिका बराच काळ अशी राहिली की व्यापार वेगळा आणि कामगार-पर्यावरण वेगळं, एकाचं जू दुसऱ्याच्या मानेवर नको. १९९४ साली माराकेशला जागतिक व्यापार संघटनेचा करार झाला तेव्हा अमेरिका, फ्रान्सने कामगार अटींचा मुद्दा लावून धरला होता, भारताने विरोध केला. १९९६ साली सिंगापूरच्या बैठकीत ठरलं की कामगारांचे विषय आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पाहावेत. पण त्याच माराकेश कराराच्या प्रस्तावनेत शाश्वत विकास हा शब्द बसलेला होता. १९९८ साली कोळंबी-कासव खटल्याचा निकाल लागला. समुद्री कासवं जाळ्यात मरतात म्हणून अमेरिकेने कोळंबीवर बंदी घातली होती, त्याविरुद्ध भारत, पाकिस्तान, मलेशिया, थायलंड गेले होते. निकाल असा की अमेरिकेने भेदभाव केला म्हणून ती चुकली, पण निसर्ग वाचवण्यासाठी व्यापारात अट घालणं मुळातच बेकायदा नाही. तेव्हापासून दार किलकिलं झालं ते झालंच.

आज परिस्थिती अशी आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन या चार देशांच्या गटाशी भारताने १० मार्च २०२४ रोजी करार केला, तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यात व्यापार आणि शाश्वत विकास असं स्वतंत्र प्रकरण आहे. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी करार झाला, त्यातही पर्यावरण आणि कामगार यांची प्रकरणं आहेत. ही प्रकरणं सध्या बोलण्या-चालण्याची आहेत, त्यांच्यावरून सरळ तंटा उभा करून जकात लावता येईल अशी नाहीत. युरोपीय संघाशी बोलणी २००७ ला सुरू झाली, २०१३ ला अडली, २०२२ ला पुन्हा सुरू झाली. तिथेही हा कळीचा मुद्दा राहिला होता.

पण करारात नसलं तरी युरोपने स्वतःच्या कायद्याने अटी लावल्या आहेत. सगळ्यात गाजलेली म्हणजे सीमेवरचा कार्बन कर. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत, वीज, हायड्रोजन यांच्या उत्पादनात किती कार्बन हवेत गेला ते मोजायचं आणि त्याप्रमाणे पैसे भरायचे. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, २०२६ च्या सुरुवातीपासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा आला. वाचताना तुम्हाला १८९६ आठवलं असेल. मलाही आठवलं. त्यांच्या कारखान्यांना कार्बनचा खर्च आहे, मग बाहेरच्या मालालाही हवा. तीच समान संधीची भाषा.

आणि पैसा कुठे जाणार? युरोपच्या तिजोरीत. ज्यांनी दोनशे वर्षं कोळसा जाळून आभाळ तापवलं, त्यांच्या तिजोरीत. १९९२ साली रिओमध्ये सगळ्या जगाने मान्य केलं होतं की हवामानाची जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. ज्याने जास्त बिघडवलं त्याने जास्त भरावं. सीमेवरच्या कराच्या हिशेबात ते तत्त्व कुठे दिसत नाही. भारत सरकारने हा आक्षेप घेतला आहे आणि तो रास्त आहे.

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, बघा, म्हणून सगळ्या अटी झुगारा. मंडळी, थांबा. इथेच १८८१ च्या वृत्तपत्रांची चूक आपण पुन्हा करतो.

कारण हवामान हे युरोपचं नाटक नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा उन्हात राबणारा माणूस आपला असतो. अवकाळीने आडवी झालेली केळी आपली. रावेर-यावलकडे बोअर खोल-खोल चाललेत ते आपलेच. आणि फवारणीचं म्हणाल, तर २०१७ साली यवतमाळात कपाशीवर औषध मारताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्या फॉर्मवर 'कोणतं औषध, किती वेळा' हा प्रश्न युरोपातल्या गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या सदऱ्यासाठी आला असेल. पण त्याचं उत्तर पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या जिवाचं आहे. हा प्रश्न आपणच आधी विचारायला हवा होता. आपण विचारला नाही, म्हणून तो साहेबाच्या फॉर्ममधून आला.

द्राक्षाचं उदाहरण घ्या. २०१० साली नाशिककडची द्राक्षं क्लोरमेक्वाट नावाच्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात अडकली. बागायतदारांचं फार मोठं नुकसान झालं. त्यानंतर तपासणी कडक झाली, बागांची नोंद, नमुने, प्रयोगशाळा, सगळं रांगेला लागलं आणि निर्यात सावरली. चांगलंच झालं. पण तशीच तपासणी आपल्या बाजारात, आपल्या पोरांच्या डब्यात जाणाऱ्या घडाची होते का? अट सीमेपर्यंत येते आणि थांबते. जिनिंगच्या बायांसारखंच. दुसरीकडे युरोप स्वतःच्या शेतात वापरू देत नाही अशी काही औषधं तिथले कारखाने बाहेरच्या देशांना विकतात. परत येणाऱ्या मालावर त्याचा अंश दिसला की मात्र माल परत. ही अर्धी अट झाली. पुरी अट म्हणजे 'आम्ही जे विष स्वतः वापरत नाही ते विकणारही नाही.' हे करारात लिहून घ्यायची मागणी आपल्या बाजूने व्हायला हवी.

म्हणून मला वाटतं, कोणतीही अट आली की देशभक्तीचा झेंडाही नको आणि साहेबाची आरतीही नको. सरळ तीन-चार प्रश्न विचारावेत. खर्च कोण भरणार? १८६३ ला फी शेतकऱ्याच्या मालातून निघाली. आज प्रमाणपत्राचे, नोंदीचे, तपासणीचे पैसे कोण देणार? मोजणार कोण, आणि आपल्या जमिनीचं, पावसाचं गणित त्याला ठाऊक आहे का? नाहीतर पुन्हा हिंगणघाटचं बियाणं होतं. जमा झालेला पैसा कुठे राहणार? अट थांबते कुठे, गिरणीच्या दारात की वेचणीच्या सरीपर्यंत? आणि शेवटचा प्रश्न आबांचा. भाव वाढणार का?

यातल्या एका प्रश्नाचं उत्तर आपल्याच हातात आहे. ज्या देशात कार्बनवर आधीच किंमत मोजली जाते, तेवढी रक्कम युरोपच्या करातून वजा होते. म्हणजे भारताने स्वतःचा कार्बन बाजार नीट उभा केला तर तो पैसा देशात राहील. त्याची तयारी २०२३ पासून सुरू आहे. पण तो पैसा दिल्लीत राहून खान्देशच्या विहिरीला काय फायदा, हे विचारायला लोखंडे लागतात. ठिबकच्या अनुदानात, मजुरांच्या सावलीत आणि पिण्याच्या पाण्यात, पीक विम्यात त्यातलं काही उतरलं पाहिजे, असं आपण नाही म्हटलं तर दुसरं कोणी म्हणणार नाही.

आपल्याला हे जमतं, हेही सांगतो. जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी दुबईला गेली, जळगावच्या केळीला २०१६ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाच्या नावाने. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन नोंदी ठेवल्या, प्रत सांभाळली, म्हणून ते झालं. एकट्या-दुकट्याने फॉर्म भरला तर तो जाच आहे. गावाने मिळून भरला आणि त्याच्या बदल्यात भाव मागितला, तर तो सौदा आहे.

जिनिंगच्या मालकाला मी परवा फोन केला. म्हटलं, फॉर्म भर, पण खाली एक ओळ तूही लिही: या माहितीचा खर्च कोण देणार आणि क्विंटलमागे किती जास्त देणार, ते कळवा. तो म्हणाला, "भो, ते ऐकतील का?" मला माहीत नाही. पण १८८४ ला साडेपाच हजार सह्या करणाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

एक विनंती. तुमच्या घरात कोणाची आजी, पणजी जिनिंगवर कामाला होती का? एरंडोल, धरणगाव, पाचोरा, अमळनेर, धुळे, कुठेही. कामाला किती वाजता जायच्या, मजुरी किती, लेकरं कुठे ठेवायच्या, काय आठवण सांगायच्या, ते कमेंटमध्ये लिहा, नाहीतर मला मेसेज करा. त्यांची नावं सरकारी कागदात नाहीत. निदान आपल्याकडे तरी असू द्यात.